लोकल चॅनलच्या बातम्या: पडद्यावर बातमीला जागा उरली आहे का?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

अलिबाग, महाड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी. किनारपट्टीवर मोठ्या गावांतून केबलची बातमीपत्रं बघत आलोय, हल्ली त्यातली बरीचशी यूट्यूबवर बघतो. पत्रकारितेवर काही म्हणायचं नाही. कुठला घाट खचला, कुठली वस्तीची एसटी बंद झाली, कोणाच्या आंब्यावर तुडतुडा पडला हे आमच्या चॅनलच्या पोरांना मुंबईच्या आधी आणि मुंबईपेक्षा नीट माहीत असतं. माझी तक्रार पडद्याबद्दल आहे.

काल रात्रीच्या बातमीपत्रात काय काय दिसत होतं ते सांगतो. वर डावीकडे चॅनलचा लोगो, गोल गोल फिरणारा. उजवीकडे सराफाचा लोगो, तोही फिरणारा. उजव्या कडेला उभी पट्टी, त्यात फर्निचरवाला. खाली दोन आडव्या पट्ट्या. वरच्या पट्टीत कुणा युवा नेतृत्वाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, खालच्या पट्टीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दोन्ही एकाच वेगाने सरकतात, त्यामुळे शुभेच्छा नक्की कोणाला आणि श्रद्धांजली कोणाला हे कळायला दोन फेऱ्या बघावं लागतं. या सगळ्यातून जी खिडकी उरते तिच्यात निवेदिका. चेहरा आडवा ताणलेला. मागे हिरव्या पडद्यावर चिकटवलेला न्यूयॉर्कसारखा रात्रीचा देखावा, आणि बातमी पाणीपुरवठा योजनेची.

आवाज तर विचारूच नका. बातमी चालू असताना खाली ढोल-ताशासारखं संगीत, जेट्टीवरून बोलणाऱ्या प्रतिनिधीच्या माइकमध्ये वाऱ्याचा घोंगाट, आणि मग जाहिरात लागली की दुप्पट मोठा आवाज.

माझ्या मते दोष गरिबीचा नाही, नकलेचा आहे. मुंबईच्या चॅनलांनी २००७-०८ नंतर जे सुरू केलं (लाल पिवळं ब्रेकिंग, धाडधाड संगीत, ओरडून प्रश्न) ते आपण जसंच्या तसं उचललं. देवस्थान कमिटीच्या सभेलाही 'सर्वात मोठी बातमी'. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे, अनंत भावे एका टेबलाशी बसून बातम्या वाचायचे. मागे काही हलत नव्हतं आणि शब्द न् शब्द कळायचा. अर्थात त्या बातम्यांत आमचं गुहागर कधी यायचं नाही हेही खरं. म्हणून तर वाटतं, मजकूर आपला आणि मांडणी तेव्हाची, असं का होत नाही?

---

चाकरमानी_दिवा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

लांज्याची_सून

आमच्या सासूबाईंना कमी ऐकू येतं. मोठ्या चॅनलच्या बातम्या त्या कशाबशा समजून घेतात, लोकलच्या अजिबात नाही. कारण ते संगीत. बातमी सांगताना मागे काही वाजवायची गरज काय आहे? नणंदेच्या लग्नाच्या व्हिडिओतही एवढं वाजवलं नव्हतं. त्या रोज विचारतात, "काय म्हणाली गं ती?" आणि मी रोज अर्धी बातमी परत सांगते. बातमीदार मीच झाले आहे घरात.

---

जुना_मॉड्युलेटर

धागाकर्त्याने चेहरा ताणलेला म्हटलंय, त्याचं कारण सांगतो. बरीच वर्षं केबलचा धंदा केला, आता मुलगा इंटरनेट बघतो.

कॅमेरा हल्ली १६:९ मध्ये, म्हणजे रुंद चित्रात शूट करतो. पण केबलवर चॅनल एसडीमध्ये (जुन्या साध्या दर्जात) जातं, ५७६ ओळींचं चित्र. ते पाठवताना ४:३ (जुना चौकोनी पडदा) की १६:९ हे एन्कोडरला, म्हणजे सिग्नल तयार करणाऱ्या यंत्राला, नीट सांगायचं असतं. ते कोणी सांगत नाही. मग घरातला टीव्ही आपल्या मनाने ओढून ताणून बसवतो. स्टुडिओत संगणकावर चित्र बरोबर दिसतं, म्हणून त्यांना पत्ताच नसतो. उपाय फुकट आहे: रोज एकदा स्वतःचं चॅनल ग्राहकाच्या घरी बसून बघायचं.

दुसरं, आधी हे असं नव्हतं. नव्वदच्या दशकात आमची कंट्रोल रूम म्हणजे छतावर डिशा आणि खाली रॅकमध्ये मॉड्युलेटर, म्हणजे एकेक चॅनल केबलमध्ये सोडणारी यंत्रं. एक मॉड्युलेटर रिकामा ठेवायचा, त्याला व्हीसीआर जोडायचा, झालं लोकल चॅनल. रात्री आठला कॅसेट लावायची, दुसऱ्या दिवशी सकाळी तीच परत. शेजारच्या गावातल्या ऑपरेटरला कॅसेट एसटीच्या कंडक्टरकडून जायची. परवानगी कोणाची? कोणाची नाही. १९९५ चा केबल कायदा होता, पण आमच्या रॅकपर्यंत तो यायला वेळ लागला.

मग सेट टॉप बॉक्स आले. सक्तीचा शेवटचा टप्पा, म्हणजे ग्रामीण भाग, मार्च २०१७ ला संपला. तेव्हापासून सिग्नल वरून, एमएसओच्या (आम्हा ऑपरेटरांना चॅनल पुरवणारी मोठी केबल कंपनी) हेडएंडवरून, म्हणजे मुख्य केंद्रावरून, बंद कुलपात येतो. माझ्या रॅकमध्ये मी मधेच काही घुसवू शकत नाही. लोकल चॅनलला आता एमएसओकडे जावं लागतं, तो जागेचे पैसे मागतो. त्यात फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचा (दूरसंचार नियामक) नवा दर आला, कितीतरी गिऱ्हाइकं छत्रीवर, म्हणजे डीटीएचवर गेली. छत्रीवर लोकल चॅनल दिसत नाही. म्हणजे भाडं वाढलं आणि बघणारे घटले. तो खड्डा ज्या पट्ट्यांनी भरला जातोय त्या तुम्ही वर मोजल्यात.

---

पीटीसी_पासून_पोटापर्यंत

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे बोलावं लागेल. चॅनलचं नाव विचारू नका.

धागाकर्ते, तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा. नक्कल आहे, मान्य. पण ती हौसेने होत नाही. जाहिरातदार म्हणतो, "मुंबईच्या चॅनलसारखं दिसलं पाहिजे." त्याला साधं टेबल दाखवलं की तो म्हणतो तुमचं चॅनल लहान आहे, पैसेही लहान.

आमच्याकडे एक माणूस म्हणजे: बाइक तोच चालवणार, ट्रायपॉड तोच लावणार, बाइट (लोकांची कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) तोच घेणार, घरी येऊन मोबाइलवर एडिट तोच करणार, वर जाहिरातीचं बिल मागायलाही तोच जाणार. पगार नाही, बातमीमागे पैसे. पावसात जगबुडी नदीचा पूल पाण्याखाली गेला की पहाटे तिथे आम्ही उभे असतो, आणि मुंबईची चॅनलं आमचाच व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागून घेतात, नाव न देता. ६ जानेवारीला पत्रकार दिन, पोंभुर्ल्याला बाळशास्त्री जांभेकरांना हार घालून येतो. ७ तारखेला पेट्रोल कुठून भरायचं हा प्रश्न तसाच असतो.

आणि जोखीम. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे, फेब्रुवारी २०२३. रिफायनरीसंबंधीची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्यावर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. ते छापील वृत्तपत्रात होते, पण आम्ही सगळे एकाच रस्त्यावर फिरतो.

आता 'या ठिकाणी' बद्दल, कारण पुढचा प्रतिसाद त्यावरच येणार हे मला माहीत आहे. लाइव्हमध्ये स्क्रिप्ट नसते. स्टुडिओतून सांगतात, तीन मिनिटं बोल. माहिती चाळीस सेकंदांची. मग "आपण या ठिकाणी पाहू शकता की या ठिकाणी मोठ्या प्रमाणात या ठिकाणी" असं होतं. वेळ भरायची असते.

---

चाकरमानी_दिवा

> पुढचा प्रतिसाद त्यावरच येणार

येणार होता, आता परत घेतला.

पण यूट्यूबवरचं एक सांगतो. आम्ही मुंबईत बसून बघणारे खूप आहोत आणि आम्हाला खेचायला जे थंबनेल लावतात! 'कोकण हादरलं!!' उघडलं तर वाडीतला फणस विजेच्या तारेवर पडलेला. फणस पडला ही बातमी आहेच हो, आमचाच फणस असू शकतो. तसंच लिहा ना, मी नक्की उघडेन. 'हादरलं' वाचून गावी फोन केला तर आई म्हणाली, "काय हादरलं? मी भाजी निवडतेय."

आणि माझं मत सांगू? लोकल चॅनलचं सर्वात सुंदर प्रक्षेपण म्हणजे शिमग्यातली पालखी. एक कॅमेरा, ढोलाचा खरा आवाज, कोणी काही बोलत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेचंही तसंच. मधे निवेदक आला की बिघडतं.

---

गाबीतवाडो

माका एकच सांगूचा आसा. आमच्यासाठी बातमी म्हणजे वारो. बंदरार धोक्याचो बावटो कितीचो लागलो, होडी पाण्यात घालूची काय नाय, ह्या माका पहाटे कळाक व्हया. चॅनलवालो ता सांगता, पण केवा? आधी कोणाचो तरी वाढदिवस, मगे उद्घाटन, मगे अपघात, आणि शेवटाक हवामान. तवसर होडी भायर गेलली आसता. ३१ जुलैक मासेमारीची बंदी संपली की ऑगस्टात दर्या कसो आसता ता आमका म्हायत आसा, म्हणान तर इचारतंय.

आणि सांगणारो पोरगो आमच्याच वाडीतलो. घराक मालवणी बोलता, पडद्यार इलो की 'समुद्र खवळलेला असल्याचं पाहायला मिळत आहे'. अरे मेल्या, खवळलो तर खवळलो म्हण. ता आमका पण दिसता. वारो खंयसून, किती, आणि केवासर, ता सांग.

---

जोडाक्षर

+१ गाबीतवाडो. हवामान आधी. यात खर्च शून्य आहे, फक्त क्रम बदलायचा आहे.

मी अक्षरजुळणीतला माणूस, म्हणून पट्ट्यांकडे बघतो. अर्ध्या चुका टंकनाच्या नाहीतच. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेला असतो, तो ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' होतं, 'श्रद्धांजली'तला 'द्ध' पाय मोडून पडतो. सगळं काम युनिकोडमध्ये करा, एकच फाँट ठरवा, आणि तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसतो तेच वापरा. हे एका दुपारचं काम आहे.

रंग: लालवर पिवळं लांबून वाचता येतं, पण पट्टीची पार्श्वभूमी अर्धपारदर्शक ठेवली की मागच्या चित्रातला पिवळा ताडपत्रीचा तुकडा आला आणि अक्षर गेलं. पट्टी भरीव ठेवा. आणि सरकणारी पट्टी एका वेळी एकच. माणसाला दोन डोळे असले तरी ते एकाच दिशेला बघतात. निधनवार्ता तर सरकवूच नका. ती स्थिर पाटी म्हणून बातमीपत्राच्या शेवटी दाखवा. गावात ती नाव, वाडी आणि अंत्ययात्रेची वेळ यासाठी बघतात, धावत्या अक्षरात वेळ नेमकी हुकते.

---

वाशिष्ठी_काठ

आमच्याकडचा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा लोकल चॅनल सुंदर दिसतं की वाईट हा प्रश्नच नव्हता. वीज गेली, केबल गेली, टीव्ही पाण्यात होता. मोबाइलला रेंज नव्हती. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे माझ्या मावशीच्या गावाला वीज यायला आठवडे लागले, तिथेही तेच. ज्या घरात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता त्यांना आकाशवाणी तरी लागली.

म्हणून माझी मागणी मांडणीची असली तरी दुसरी आहे. पाणी ओसरल्यावर सगळ्यांच्या फोनवर व्हिडिओ येऊ लागले, त्यात कालचे, आजचे आणि २००५ च्या पुराचेही. कुठलाच व्हिडिओ कुठला आणि कधीचा हे सांगत नव्हता. चॅनलच्या व्हिडिओवरही फक्त लोगो, तो मात्र मधोमध, कोणी चोरू नये म्हणून. अहो, लोगोच्या शेजारी ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा. 'बाजारपेठ, २३ जुलै, दुपारी १' एवढं वाचलं असतं तर माझ्या भावाने उलट्या दिशेने गाडी घातली नसती. मुंबईचं चॅनल हे करणार नाही, त्यांना बाजारपेठ म्हणजे नक्की कुठलं टोक हे माहीतच नाही. आमच्या पोराला माहीत असतं आणि तरी तो लिहीत नाही, हे जास्त लागतं.

---

नियमावर_बोट

सगळे जण सौंदर्यदृष्टीवर बोलताहेत, मी कागद काढतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४. नियम ७ जाहिरातींचा आहे. त्यातला पोटनियम १० म्हणतो की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे आणि कार्यक्रमात अडथळा आणता कामा नये, आणि उदाहरण म्हणून तिथे काय दिलंय? पडद्याच्या खालच्या भागात कार्यक्रमासोबत स्थिर किंवा सरकत्या ओळी दाखवणं. म्हणजे आपली लाडकी पट्टी. पोटनियम ६ जाहिरातीच्या कर्कशपणाबद्दल. पोटनियम ११ प्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, त्यातली २ मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या कौतुकाची धरून.

पुढे ३० नोव्हेंबर २०२२ ला माहिती-प्रसारण मंत्रालयाने केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरकारी भाषेत त्यांना 'प्लॅटफॉर्म सेवा' म्हणतात. एमएसओच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशा वाहिन्या, प्रत्येक वाहिनीची १००० रुपयांत ऑनलाइन नोंदणी, स्थानिक बातम्या दाखवायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला हवा, आणि दाखवलेल्या सगळ्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं.

---

पीटीसी_पासून_पोटापर्यंत

> पडद्याच्या खालच्या भागात

साहेब, पोटनियम १० पाळला तर देशातलं एकही न्यूज चॅनल संध्याकाळपर्यंत चालू राहणार नाही. मुंबईवाल्यांना आधी लावा, मग खेडचा नंबर लावा.

---

नियमावर_बोट

हे बरोबर आहे आणि तरीही नियम नियमच आहे. निदान पुढच्या वेळी सराफाने आणखी एक पट्टी मागितली तर "सरकारी मनाई आहे हो" असं सांगायला तुमच्याकडे कागद आहे. तो वापरा.

---

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

पीटीसी, पगाराचं आणि वारिशेंचं वाचून गप्प झालो. पण एक मुद्दा सोडत नाही. चाळीस सेकंदांची माहिती असेल तर चाळीस सेकंदच बोला. अर्ध्या तासाचं बातमीपत्र बारा मिनिटांत संपलं तर कोण रडणार आहे? उरलेला वेळ डबलबारीच्या भजनाला द्या, लोक दुवा देतील. बातमीपत्र अर्ध्या तासाचंच असावं हा हट्टही मुंबईहूनच आला आहे.

जेट्टीवरच्या वाऱ्याला माइकवर केसाळ टोपी मिळते, महाग नसते. नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. हे गाबीतवाडोंना विचारा, वारा कुठून येतोय ते सांगतील.

---

तिसरी_फेरी

वाढदिवसाच्या पट्टीवर हसताय, पण निवडणुकीत तीच पट्टी 'विशेष मुलाखत' होऊन अर्धा तास चालते, आणि जाहिरात आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. टीव्ही आणि केबलवरची राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे आणि जिल्ह्याला त्यासाठी एमसीएमसी नावाची, माध्यमांवर लक्ष ठेवणारी समिती बसते. मग मुलाखत म्हणून दाखवायची की सुटका. आमच्याकडे गेल्या वेळी एकाच निवेदिकेने दोन्ही उमेदवारांना तेच प्रश्न त्याच हसऱ्या चेहऱ्याने विचारले, 'विकासाचा ध्यास कुठून आला?' हे पॅकेज होतं हे मुलांनाही कळलं. पडद्याच्या मांडणीत मला सर्वात आधी हे हवं: पैसे घेतलेत तर कोपऱ्यात 'जाहिरात' असा शब्द, सराफाच्या लोगोएवढाच मोठा.

---

संपादक_मंडळ

एका विशिष्ट उमेदवाराचं नाव घेणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. धागा पडद्यावरच्या मांडणीचा आहे, तेवढ्यावर चालू द्या.

---

मीठबाव_रिटर्न्स

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

लांज्याची_सून

हे सगळं ठीक, पण संगीताचं काय झालं?

---

पीटीसी_पासून_पोटापर्यंत

वहिनी, संगीताचं तुमच्यासाठीच केलं. बातमी सुरू होताना एकदा वाजतं आणि मग बंद. मालकांना सांगितलं की यूट्यूबवर कॉपीराइट लागतो. अर्धं खरं आहे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी अहवाल. वाशिष्ठीताईंची तारीख-ठिकाणाची पाटी या आठवड्यापासून लावतोय, खर्च काहीच नाही, उलट मुंबईवाल्यांनी व्हिडिओ उचलला की गावाचं नाव आपोआप जातं. हवामान पहिल्या क्रमांकावर आणलं. पहिल्याच दिवशी एका नगरसेवकाचा फोन, "माझ्या उद्घाटनाच्या आधी वारा का?" त्याला बावट्याचं महत्त्व समजावलं, पटलं असावं. यूट्यूबचं मथळ्याचं अजून जमत नाही, 'हादरलं' काढलं की बघणारे खरंच कमी होतात, चाकरमानी काय वाटेल ते म्हणोत.

पट्टीबद्दल सराफाशी बोललो. पोटनियम १० चं प्रिंटआउट घेऊन गेलो होतो. त्याने पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, बरं, पट्टी काढ. पण मग तुझ्या शर्टावर माझं नाव.

---

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

शर्ट घे. पुढे की मागे छापणार ते विचारून घे फक्त. मागे असेल तर जेट्टीवरून बोलताना दिसणार नाही, आणि मग तो पट्टी परत मागेल.

---

जोडाक्षर

आणि युनिकोडमध्ये छाप.